रासमुसेन घराण्याचं रक्त

नेद्रा जेप्सनला आपल्या रक्ताचा फार गर्व. तसा युटातल्या या सॅनपीट खोऱ्यात तो घरोघरी आहे. इथला माणूस सख्ख्या नातवाचा वाढदिवस विसरेल, पण खापरपणजोबा डेन्मार्कहून कुठल्या बोटीने आला हे झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. नेद्राची मिजास मात्र सगळ्यांच्या वरताण. ती माहेरची रासमुसेन. येन्स रासमुसेन आपल्या चर्चच्या लोकांबरोबर हातगाडी ओढत, माळरानं तुडवत युटापर्यंत आला होता, आणि ती गाडी जणू आपणच ओढली अशा थाटात ही बाई वाणसामानाच्या दुकानातून ट्रॉली ढकलत जायची. त्या येन्सने इथे येऊन काय दिवे लावले म्हणाल, तर दोन बायका केल्या, मेंढ्या पाळल्या आणि पाटाच्या पाण्यावरून मरेपर्यंत शेजाऱ्यांशी भांडला. पण हे नेद्रासमोर कोण बोलणार?

बाकी तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. टर्कीच्या फार्मवर जन्मली, टर्कीच्या वासात वाढली, आणि त्या वासाची लाज वाटून पहिल्याच विचारणाऱ्याशी लग्न करून मोकळी झाली. तो डेल्मार जेप्सन. शेताला पाणी द्यायचे पाइप विकायचा. बरा माणूस, म्हणजे तोंडातून शब्द न काढणारा. मुलं झाली, वाढली, जमेल तितक्या लांब राहायला गेली. मग नेद्रा विकायला लागली. आधी प्लास्टिकचे डबे विकले. मग सुगंधी तेलं विकली. सर्दीपासून नवऱ्याच्या बेकारीपर्यंत सगळ्यावर तिच्याकडे एक थेंब असायचा. मग फुलाफुलांच्या तंग विजारी विकल्या, आणि वॉर्डातल्या, म्हणजे तिच्या चर्चच्या मंडळीतल्या, ज्या बायकांनी भिडेखातर त्या घेतल्या त्यांच्याकडे रस्त्यात बघवत नसे. दर वेळी 'माझं आयुष्यच बदललं गं' म्हणत डोळ्यांत पाणी. आणि पाणी खरं असायचं! हीच तर बाईची खुबी. दुसऱ्याला फसवायच्या आधी ती स्वतःला नीट फसवून घ्यायची.

मग तिला जीन सापडला, पिढ्यान् पिढ्या रक्तातून चालत येणारा जनुक म्हणतात तो.

झालं असं, की रासमुसेनांच्या उन्हाळी मेळाव्याआधी घराण्यातल्या सगळ्यांनी नळीत थुंकून ती तपासायला पाठवली. आपण किती डॅनिश, ते कळतं म्हणे. नेद्रा जवळजवळ सगळीच डॅनिश निघाली. त्याला थुंकी कशाला हवी होती, आरसा पुरला असता. पण तेवढ्यावर भागवेल तर ती नेद्रा कसली! त्या सुमारास ती जीवनसत्त्वं विकणाऱ्या एका कंपनीत शिरली होती. तिला तिथे ओढणाऱ्या, वरच्या पायरीवरच्या बाईने सांगितलं, "तोच निकाल आपल्या कंपनीच्या वेबसाइटवर चढव, तुझ्या जीनमधला दोष कळेल." हिने चढवला. दोष निघाला. न निघून कसं चालेल? दोष निघाले नसते तर कंपनीने विकलं काय असतं?

त्या जीनचं नाव म्हणजे अक्षरांचं नुसतं कडबोळं. नेद्राला ते शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही. पण मतलब तिने पाठ केला. अन्नातलं फोलेट नावाचं जीवनसत्त्व शरीराला वापरता यावं म्हणून आत जे यंत्र फिरतं, ते हिला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून मंद मिळालेलं. म्हणून फोलेट जास्त हवं. ते कंपनीचंच हवं. आणि सकाळ-संध्याकाळ हवं.

मेळाव्याला सगळे मांडवाखाली जमले होते. चीज घातलेले बटाटे, किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली, हॅमचे काप, सगळं मांडलं होतं. प्रार्थना झाली, पण कुणाला घास घेऊ देईल तर शपथ. नेद्रा बाकावर चढली.

"लेरॉयकाका आठवतोय ना सगळ्यांना?" ती म्हणाली. "आयुष्यभर त्याला आळशी म्हणालात. अरे, आळशी नव्हता तो! त्याला फोलेट लागू पडत नव्हतं!"

"तो चर्चला न चालणारी कॉफी प्यायचा आणि प्रार्थना सोडून रविवारी मासे पकडायला जायचा," मागून कुणीतरी म्हणालं.

"तेसुद्धा त्या जीनमुळेच!"

लोक हसले, आणि हसता हसता त्यांनी गोळ्यांच्या बाटल्याही घेतल्या. इथल्या लोकांना नाही म्हणता येत नाही. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे पाप, असं त्यांना वाटतं, आणि नेद्रासारख्यांचं त्यावरच फावतं. पुढच्या वर्षीच्या टी-शर्टवर तर तिने छापूनच घेतलं, 'रासमुसेन : आमचा जीनच वेगळा'. दोष म्हणून सांगायचा आणि दागिन्यासारखा मिरवायचा!

सगळ्यांत आधी बाटली घेतली ती आर्डिसने. आर्डिस ही नेद्राची पाठची बहीण. नवरा गेलेला, मुलगा नेवाडात, ही शेतावरच्या घरात एकटी. नेद्रा जितकी बोलघेवडी तितकी ही अबोल. रोज सकाळी डोंगरातल्या घळीच्या, कॅनियनच्या तोंडापर्यंत चालत जायची आणि गालांना लाली घेऊन परत यायची. तेवढाच तिचा षोक. लहानपणापासून नेद्रा म्हणेल ती पूर्व दिशा. तेलं तिने घेतली होती, विजारीसुद्धा घेतल्या होत्या. बिचारी त्या घालून कोंबड्यांना दाणे टाकायची. भोळेपणालाही काही मर्यादा असावी, पण आर्डिसला ती नव्हती.

गोळ्या सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील. नेद्राच्या पायांना काहीतरी व्हायला लागलं. आधी नुसत्या मुंग्या. मग अनवाणी चालतानाही जाड लोकरी मोजे घातल्यासारखं वाटायला लागलं. जीभ लालबुंद, गुळगुळीत, टोमॅटो खाल्ला की झोंबायची. न्हाताना डोळे मिटले की तोल जायचा. दुसरी कुणी असती तर घाबरली असती. ही खूश! कंपनीच्या मेळाव्यात सांगितलं होतं, की जुनं विष बाहेर पडताना असा त्रास होतोच, जितका त्रास जास्त तितका गुण जास्त. म्हणजे बरं वाटलं तर गोळ्यांमुळे, आणि वाईट वाटलं तर तेही गोळ्यांमुळेच. असल्या धंद्यात बुडायचं कुणी?

तिने गोळ्या वाढवल्या.

शेवटी एका उपासाच्या रविवारी तिने चर्चच्या भर सभेत लोळण घेतली. इथे महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे उपास करतात. पाणीसुद्धा नाही. आणि सभेत ज्याला वाटेल तो उठून साक्ष देतो, देवाने आपलं काय भलं केलं ते मंचावरून सांगतो. त्या दिवशी शेवटची प्रार्थना नेद्राकडे होती. ती मंचावर गेली, हाताची घडी घातली, मान झुकवली, डोळे मिटले, आणि 'हे आमच्या स्वर्गातल्या पित्या' म्हणता म्हणता जी आडवी झाली ती थेट बिशपच्या अंगावर.

"उपास सोसला नाही," बायका म्हणाल्या. "भक्ती किती पण!" त्या संध्याकाळी तिच्या घरी बटाट्यांच्या इतक्या थाळ्या आल्या, की डेल्मारला फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा उरली नाही. ही बाई महिनोन् महिने भिंत धरून चालतेय, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण तिला तोंडावर विचारणार कोण? त्यापेक्षा बटाटे नेऊन दिलेले बरे.

गावातल्या दवाखान्यात रक्त तपासलं. रक्त उत्तम. "तुमच्या वयाला इतकं चांगलं रक्त मी पाहिलं नाही," असं तिथला डॉक्टर म्हणाला, आणि नेद्राने ते वाक्य पुढचा आठवडाभर गावात फिरवलं. पण पाय काही ऐकेनात. तेव्हा ती गुपचूप डोंगरापलीकडे, नीफायला गेली. गावात नको, दवाखान्यातली रिसेप्शनवरची पोरगी तिचंच गिऱ्हाईक होती.

नीफायची डॉक्टर फिफिता. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरची, आडव्या हाडाची, मोठ्याने हसणारी बाई. नेद्राने तिला पाहून नाक मुरडलंच. घराणं ते काय, असा तिचा चेहरा. तरी जीनचा कागद तिने पुढे सरकवला.

डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला न पाहिल्यासारखा केला. "हा बदल? हा तर बाहेर बसलेल्या निम्म्या लोकांत एकेरी तरी असणार. माझ्यातही आहे."

"तुमच्यात?" नेद्राला ते लागलं. "माझा दोन्हीकडून आहे."

"असेल की. असे दुहेरीही काही कमी नाहीत. पालेभाजी खा, दूध प्या, अंडी खा. त्या मंद यंत्राला दुधाअंड्यातलं बी-दोन जीवनसत्त्व मिळालं तरी बरंच निभावतं. त्यासाठी बाटल्यांची गरज नाही." मग त्या उठल्या, आणि चर्चमध्ये बायका एकमेकींना मारतात तशी त्यांनी हाक मारली. "सिस्टर जेप्सन, जरा उभ्या राहा. प्रार्थनेला राहतो ना आपण, तश्शा. हाताची घडी. डोळे मिटा."

नेद्राने डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी तिला वेळेवर धरलं म्हणून बरं.

पुढच्या खेपेला निकाल हातात होता. रक्तात बी-बारा जवळजवळ नव्हतंच. नेद्राच्या जठरानेच बी-बारा आत घेणं सोडून दिलं होतं. शरीर स्वतःच स्वतःच्या जठराशी वैर धरतं, असं काहीसं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"मग रक्त चांगलं कसं?" नेद्राने हट्टाने विचारलं.

"तुमच्या त्या फोलेटमुळे. फोलेट भरपूर घेतलं की रक्त सावरल्यासारखं दिसतं. डॉक्टर फसतो. नसा मात्र आतून सडत राहतात, कारण त्यांना फोलेट नाही, बी-बारा लागतं. गोळ्यांनी तुमचा आजार बरा केला नाही हो, नुसता झाकला. दोन वर्षं."

"पण माझा जीन..."

"जीनचंच म्हणाल तर हे दुखणं घराण्यातून चालत येतं. तुमच्या त्या कागदावर नसलं तरी येतं. उत्तरेकडून आलेल्या लोकांत जास्त." डॉक्टरीणबाई आता हसत नव्हत्या. "भावंडं किती?"

"एक बहीण."

"तीही त्याच गोळ्या घेते?"

नेद्रा पर्सची चेन लावायला लागली.

"तिला आजच सांगा. साधी तपासणी आहे. वेळेत कळलं तर इंजेक्शनवर माणूस ठणठणीत राहतो. उशीर झाला तर पाय गेले ते गेले, मग इंजेक्शन देऊनही परत येतीलच असं नाही. ऐकताय ना?"

ऐकत होती. शब्द न् शब्द ऐकला तिने. उगाच कुणी म्हणू नये, की बाईला कळलं नाही.

गाडीत बसल्यावर ती खूप रडली. तेवढं श्रेय तिला द्यायला हवं. आर्डिसचं नाव घेऊन रडली. पण कॅनियनचा रस्ता लांबलचक, आणि नेद्राला विचार करायला वेळ मिळाला की माती व्हायचीच. रस्ता संपेपर्यंत तिचं ठरलं, की आधी आपण बरं व्हायचं, मग आर्डिसला सांगायचं. उगाच तिला घाबरवून कसं चालेल? शिवाय शरद ऋतूत कंपनीचं मोठं अधिवेशन होतं आणि नेद्रा वरच्या पायरीवर चढायच्या बेतात होती. स्टेजवर बोलावणार होते, गळ्यात मानाचा पट्टा घालणार होते. गोळ्यांनी माझे पाय घालवले, असं सांगत स्टेजवर चढणार होती की काय? आणि खरं सांगायचं तर पट्ट्याचंही एवढं नव्हतं. मेळाव्यात बाकावर उभं राहून छाती काढून सांगितलेला जीन साधा निघाला, निम्म्या गावात असतो तसला, आणि तेसुद्धा एका टोंगन बाईने तोंडावर सांगितलं, हे तिला गिळवत नव्हतं.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी रोज, मग आठवड्याला. दर वेळी नीफायला जाणं म्हणजे कुणीतरी बघणार, म्हणून ती स्वतःच टोचायला शिकली. तळघरात दुष्काळासाठी साठवलेल्या गव्हाच्या बादल्या आणि पीचच्या बरण्या होत्या. त्यांच्या मागे सुया लपवल्या, लालभडक औषधाच्या कुप्या लपवल्या. गव्हाच्या बादलीवर बसायचं, मांडी उघडी करायची, टोचायचं, आणि वर येऊन बायकांना गोळ्यांबद्दल फोन करायचे. लाज म्हणून काही वस्तू असते!

डेल्मारला एकदा कचऱ्यात सुई सापडली. त्याने ती हातात धरून बराच वेळ पाहिली.

"आर्डिसला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगेन. तू मध्ये पडू नकोस."

तो पडला नाही. जन्मात कशात पडला नव्हता, आताच कशाला पडेल?

इंजेक्शनांनी नेद्रा भराभर सुधारली. लोकरी मोजे उतरले, तोल आला, जीभ निवळली. आणि नेमक्या त्याच दिवसांत आर्डिसच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. कॅनियनला जायचं आधी कमी झालं, मग बंद. कोंबड्यांच्या जाळीला धरून धरून चालायची. एकदा अंड्यांची टोपली घेऊन पडली.

"नेद्रा, मला तुझ्यासारखंच होतंय गं," ती फोनवर म्हणाली. "मंगळवारी डॉक्टरची वेळ घेतलीय."

सांगायला याहून सोपी वेळ कोणती? एक वाक्य. 'बी-बारा तपासून घे.' सुया कुठे लपवल्यात ते सांगायची गरज नाही, गोळ्यांना नावं ठेवायची गरज नाही. नेद्रा म्हणाली, "हो का? बरं. मी प्रार्थना करीन तुझ्यासाठी." आणि फोन ठेवला.

मंगळवारच्या आधी रविवार होता, आणि तो उपासाचा होता.

नेद्रा उठली ती काय बोलायचं हे न ठरवता उठली, असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली. असेलही. ती तरातरा मंचावर गेली. सगळ्या वॉर्डाने ती चाल पाहिली. ज्यांच्या देखत ती लोळली होती त्यांच्याच समोर ताठ उभी राहिली, आणि तिला भरून आलं. झालं, मग आवरतंय कोण? "बंधूंनो, भगिनींनो," ती म्हणाली, "माझे पाय मला परत मिळालेत. डॉक्टरांनी नाही दिले. देवाने आपल्याला जी नैसर्गिक साधनं दिलीत ना, ज्यांना ती माहीत आहेत त्यांना माहीत आहेत," इथे तिने चार गिऱ्हाइकांकडे नजर टाकली, कारण मंचावरून विकणं बरं दिसत नाही, "ती श्रद्धेने घेत राहिले. त्रास झाला तेव्हा सोडली नाहीत. उलट वाढवली. मला मनापासून ठाऊक आहे, की हे खरं आहे." मग येशूचं नाव घेऊन ती खाली उतरली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बायका डोळे पुसत होत्या.

तिसऱ्या रांगेत आर्डिस बसली होती. तीही डोळे पुसत होती.

त्या संध्याकाळी आर्डिसने तिला विचारलं. आर्डिसने आयुष्यात बहिणीला विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न.

"नेद्रा, खरंच नुसत्या गोळ्यांनीच बरी झालीस? दुसरं काही घेतलं नाहीस ना?"

"अगं, मी मंचावरून सांगितलंय!" नेद्रा केवढ्याने तरी म्हणाली. "मंचावरून! माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तसं नाही गं. विचारलं आपलं."

इथल्या माणसाने एकदा मंचावरून शब्द दिला की तो पुन्हा तपासायचा नसतो. दुकानात दिलेला शब्द तपासतात, कोर्टात दिलेला तपासतात, मंचावरचा नाही. आर्डिसने सोमवारी फोन करून मंगळवारची वेळ रद्द केली आणि दुप्पट बाटल्या मागवल्या. बाटल्या आणून दिल्या नेद्राने. स्वतःच्या हाताने.

अधिवेशन झालं. पट्टा मिळाला. नेद्राने तो घालून फोटो काढला. त्याच आठवड्यात आर्डिसच्या हातातून चमचा गळायला लागला.

हिवाळ्यात आर्डिस अंगणात बर्फात पडली, आणि शेजाऱ्याने पाहीपर्यंत तशीच पडून राहिली. मग मात्र मुलगा नेवाडाहून आला आणि आईला प्रोव्होच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेला. बरोबर नेद्राही गेली. न जाऊन कसं चाललं असतं, लोक काय म्हणाले असते? तिथे एक तरुण डॉक्टर होता, चष्मेवाला, घाईतला. त्याने आर्डिसचं रक्त पाहिलं. रक्त उत्तम. त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"घराण्यात कुणाला असा त्रास? नसांचा, जठराचा, बी-बाराचा वगैरे?"

आर्डिसने मोठ्या विश्वासाने बहिणीकडे पाहिलं. "हिला सगळं माहीत असतं. आमच्या घराण्याचा सात पिढ्यांचा इतिहास हिनेच लावलाय."

डॉक्टरने नेद्राकडे पाहिलं. मुलाने पाहिलं. खोलीत सगळेच तिच्या तोंडाकडे बघत राहिले. अहो, अजूनही वेळ होती! उशीर झाला होता, पण सगळं गेलं नव्हतं. एक 'हो' म्हणायचं होतं. त्या डॉक्टरला बाकीचं आपोआप उमगलं असतं.

"नाही," नेद्रा म्हणाली. "आमच्याकडे कुणाला नाही. आमचं रक्त चांगलं आहे."

डॉक्टरने मान डोलावली आणि तो भलतीकडे शोधत बसला. पाठीचा कणा तपासून झाला, मेंदूचे फोटो झाले, कणा टोचून पाणी काढून झालं. आठवडे गेले. शेवटी कुणा म्हाताऱ्या डॉक्टरणीने सहज म्हणून बी-बारा पाहिलं, आणि तिने जी इतरांची खरडपट्टी काढली ती म्हणे दोन मजले ऐकू गेली. तेव्हा कुठे इंजेक्शनं सुरू झाली. आर्डिसचे हात पुष्कळसे सुधारले. चमचा धरता यायला लागला, शिवणही थोडंफार जमायला लागलं. पाय मात्र आले नाहीत. ती चाकाच्या खुर्चीत बसून घरी आली.

घरी इंजेक्शन द्यायला कुणीतरी हवं होतं. मुलगा परत जाणार होता. वॉर्डातल्या बायका जमल्या होत्या, त्यांच्या देखत नेद्रा म्हणाली, "मी आहे ना! सख्खी बहीण कशाला आहे मग?" बायकांना गहिवरून आलं.

शिकवायला नर्स आली. तिने सरावासाठी एक संत्रं आणलं होतं. "घाबरू नका हं, आधी संत्र्याला टोचून बघायचं, म्हणजे हाताला सवय..." ती बोलतच होती, तोवर नेद्राने कुपीचं तोंड पुसलं होतं, औषध ओढलं होतं, सुई उभी धरून टिचकी मारून हवा काढली होती. लालभडक थेंब सुईच्या टोकावर आला तसा तिने तो बरोबर थांबवला. हाताने केलं सगळं, डोकं दुसरीकडेच होतं. बहुतेक येणाऱ्या रविवारी काय बोलायचं त्याचा विचार चालला असावा.

"वा!" नर्स म्हणाली. "तुम्हाला तर चांगलीच सवय दिसतेय."

नेद्राचा हात थांबला. "डेल्मारला देते मी. माझ्या नवऱ्याला. डायबिटीस आहे."

"मग मला काळजीच नाही," असं म्हणून नर्सने संत्रं पर्समध्ये टाकलं आणि ती गेली.

खोलीत दोघीच उरल्या. आर्डिस खुर्चीत बसून बहिणीच्या हाताकडे बघत होती.

"डेल्मारला डायबिटीस कधी झाला?" तिने विचारलं.

"झाला. मध्यंतरी. तुला बोलले नाही का?" नेद्रा खाली वाकली, तिने आर्डिसचा झगा वर सारला, मांडी पुसली. बोलायला लागली ती थांबेचना, गप्प बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. "मांडी ढिली सोड. ताठ धरलीस की जास्त लागतं. हे औषध जरा आग करतं, म्हणून घाई करायची नाही, अगदी हळू सोडायचं. रात्री थोडं ठणकतं, सकाळपर्यंत जातं."

आर्डिसने सुई आत जाताना पाहिली.

"तुझं जातं सकाळपर्यंत?" मग तिने विचारलं.

नेद्राने मान वर केली नाही. सुई आत होती, बोट दट्ट्यावर होतं, आणि खोटं बोलायला एक शब्द सापडेना. साठी उलटलेल्या त्या आयुष्यात बाईवर ही वेळ पहिल्यांदाच आली होती.

"मी त्या मंगळवारी जाणार होते गं," आर्डिस म्हणाली. आवाज चढला नाही, नेहमीचाच होता. "सोड आता औषध. हळू कशाला सोडतेस? मला कंबरेखाली काही कळत नाही."